कुत्र्याची साखळी आणि डॉल्फिनची शिट्टी

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्राध्यापक लॉइड मॉर्गन यांच्या घरी टोनी नावाचा एक फॉक्स टेरियर कुत्रा होता. आवाराला लोखंडी गजांचे कुंपण होते आणि फाटकाला वर उचलायची कडी. टोनी फाटकापाशी जाई, कडीखाली डोके घालून ती उचले आणि फाटक उघडले की रस्त्यावर पसार होई. येणाऱ्याजाणाऱ्याने हे पाहिले तर तो म्हणणार, 'केवढा हुशार कुत्रा! कडी उचलली की फाटक उघडते हे याला बरोबर समजले आहे.' मॉर्गन यांनी मात्र टोनीला अगदी सुरुवातीपासून पाहिले होते. गजांमधून डोके बाहेर काढून रस्त्यावरची गंमत बघायचा त्याला नाद होता. इथून तिथून डोके घालताना एकदा ते नेमके कडीखाली गेले, कडी उचलली गेली, फाटक उघडले. या योगायोगानंतर लगेच टोनीला सारे उमगले असे झाले नाही. इकडेतिकडे डोके न खुपसता सरळ कडीपाशी यायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले.

मॉर्गन यांनी ही हकीकत १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. वर्तनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असते, पण ती सांगितली जाते ती प्राण्यांना उगाच मोठी बुद्धी चिकटवू नये हे पटवण्यासाठी. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टोनीला हे कोणी शिकवले नव्हते. त्याला कोणी मारले नव्हते, कोणी दटावले नव्हते. त्याला हवा असलेला मोकळा रस्ता त्याच्या एका विशिष्ट हालचालीनंतर मिळत गेला, आणि ती हालचाल पक्की होत गेली. पाळीव कुत्र्याला गोडीगुलाबीने, खेळातून शिकवण्याची आज जी पद्धत आहे तिचे सारे मूळ तत्त्व या फाटकाशी होते. तरीही ते कुत्र्यांच्या शाळांपर्यंत पोहोचायला सुमारे नव्वद वर्षे लागली, आणि तेही कबुतर, कोंबडी आणि डॉल्फिन असा फार मोठा वळसा घालून. हा वळसा का पडला, हे पाहण्यासारखे आहे.

मॉर्गन यांच्या आधी प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास म्हणजे मुख्यतः गोष्टींचा संग्रह होता. जॉर्ज रोमेन्स यांनी १८८२ साली अशा हकिकतींचे एक जाडजूड पुस्तकच काढले होते. या गोष्टींना पहिला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण संशोधकाने. त्याने लाकडी फळ्यांची खोकी केली. आत भुकेले मांजर किंवा कुत्रा, बाहेर खाणे. दोरी ओढली किंवा खिटी दाबली की दार उघडायचे. दर वेळी प्राण्याला बाहेर पडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून तो मोजायचा आणि आलेख काढायचा. प्राण्याला युक्ती एकदम 'समजली' असती तर आलेख एका ठिकाणी कड्यासारखा कोसळला असता. प्रत्यक्षात तो हेलकावे खात हळूहळू उतरत गेला. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रबंधातून पुढे त्याचा 'परिणामाचा नियम' आला : ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

नियमाचा दुसरा अर्धा भाग असा होता की ज्या कृतीनंतर त्रास होतो ती कमी होते. म्हणजे बक्षीस आणि शिक्षा ही तराजूची दोन सारखी पारडी. पण पुढे माणसांवर केलेल्या प्रयोगांत थॉर्नडाइकला ही पारडी सारखी दिसेनात. बक्षिसाने योग्य उत्तर जितके बळकट होते तितके शिक्षेने चुकीचे उत्तर दुबळे होत नाही, असे त्याला आढळले आणि १९३२ साली त्याने आपलाच नियम दुरुस्त केला. पहिला नियम पाठ्यपुस्तकांत गेला. दुरुस्ती मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

कुत्रा आणि शिकणे म्हटले की आपल्या शिक्षकांना पहिले नाव आठवते ते पावलॉव्हचे. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांतून ते आपल्या पाचवीलाच पुजलेले आहे! इथे थोडा फरक लक्षात घ्यायला हवा. पावलॉव्ह हा पचनसंस्थेचा अभ्यासक. १९०४ सालचे त्याचे नोबेल पारितोषिकही पचनावरच्या कामासाठी होते. त्याचा कुत्रा पट्ट्यांनी एका चौकटीत उभा केलेला असे. मेट्रोनोमची टिकटिक झाली की खाणे येते, असे अनेकदा झाल्यावर नुसत्या टिकटिकीनेच त्याला लाळ सुटू लागे. कुत्र्याला काही करावे लागत नव्हते. टोनीच्या बाबतीत मात्र त्याने काहीतरी केल्याशिवाय फाटक उघडत नव्हते. 'अमुक आवाज म्हणजे खाणे' हे एक शिकणे आणि 'अमुक केले की तमुक मिळते' हे दुसरे. ही दोन्ही पुढे एका पत्र्याच्या खेळण्यात एकत्र येणार आहेत, म्हणून एवढे सांगितले.

आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून प्रत्यक्ष कुत्री शिकवणाऱ्यांकडे जाऊ. विलायतेत शिकारी कुत्रा तयार करण्याला जो जुना शब्द होता त्याचा अर्थ 'कुत्रा मोडणे' असाच होता. आपल्याकडेही जनावराला 'वठणीवर' आणतात, तसेच. गंमत अशी, की याच शब्दाचे शीर्षक असलेले विल्यम हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याचे १८४८ सालचे पुस्तक बरेच सौम्य आहे. चाबकापेक्षा बक्षिसावर भर द्या, असे तो बजावतो. म्हणजे दयाळू शिक्षक तेव्हाही होते. पण ती त्या त्या माणसाच्या स्वभावाची गोष्ट होती, त्याचे शास्त्र झालेले नव्हते.

शास्त्राच्या जवळ गेला तो जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट. त्याचे कुत्र्यांच्या शिक्षणावरचे पुस्तक १९१० साली निघाले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांचे शिक्षण त्यावर उभे राहिले. आज मोस्टचे नाव बहुधा क्रूर पद्धतीचा जनक म्हणून घेतात. ते अर्धेच खरे आहे. कुत्र्याला माणसाची भाषा कळत नाही, चांगल्यावाइटाच्या मानवी कल्पना कळत नाहीत, तो फक्त कृती आणि परिणाम यांची सांगड घालतो, आणि म्हणून बक्षीस वा शिक्षा त्या क्षणीच व्हायला हवी, हे सारे मोस्टने स्वच्छ लिहून ठेवले आहे. पण हे कळूनही त्याची मुख्य साधने राहिली ती गळ्याशी आवळणारा पट्टा, आतून दाते असलेला पट्टा आणि छडी. कारण साधे होते. साखळी हातात होती. कुत्रा बसला नाही तर हिसका देऊन बसवता येत होता.

पुढे दोन महायुद्धे झाली. सैन्यांना हजारो कुत्री थोड्या दिवसांत तयार हवी होती. युद्ध संपल्यावर तेच शिक्षक घरगुती कुत्र्यांचे वर्ग घेऊ लागले. विल्यम कोहलर हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याने सैन्यासाठी कुत्री शिकवली होती, नंतर वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटांतली कुत्री शिकवली. १९६२ साली निघालेले त्याचे पुस्तक प्रचंड खपले. अंगणात खड्डे खणणाऱ्या कुत्र्यावर त्याने सांगितलेला इलाज असा : खड्डा पाण्याने भरा आणि कुत्र्याचे डोके त्यात बुडवा. एवढे मात्र मान्य करायला हवे की कोहलरच्या पद्धतीने शिकलेली कुत्री शिकत. शिक्षेने काहीच होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. प्रश्न असतो तो शिकण्याबरोबर आणखी काय काय येते याचा.

या पद्धतीला लांडग्यांच्या अभ्यासाचाही टेकू मिळाला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझल येथील प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यात वर्चस्वासाठीच्या भांडणांचे वर्णन होते. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, तेव्हा घरात 'टोळीचा म्होरक्या' मालकानेच व्हायला हवे, असा निष्कर्ष लोकांनी काढला. १९७८ साली न्यू स्केट येथील ख्रिस्ती मठवासीयांच्या लोकप्रिय पुस्तकाने तर कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्याचा सल्ला घरोघर पोहोचवला. हा सल्ला त्यांनीच पुढे २००२ च्या आवृत्तीत मागे घेतला. दरम्यान लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक कॅनडाच्या उत्तरेकडील एल्स्मीर बेटावर अनेक उन्हाळे रानटी लांडग्यांजवळ राहिले होते. १९९९ साली त्यांनी लिहिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक साधे कुटुंब. तिथला म्होरक्या भांडून झालेला नसतो, तो बाप असतो. प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या परक्या लांडग्यांवरून लांडग्याच्या घराचा अंदाज बांधणे म्हणजे तुरुंगावरून कुटुंबसंस्थेचा अंदाज बांधण्यासारखे होते. मेक यांच्या स्वतःच्या १९७० च्या पुस्तकानेही म्होरक्याची कल्पना पसरवायला हातभार लावला होता. ते पुस्तक छापणे बंद करा, असा तगादा त्यांनी प्रकाशकाकडे लावला आणि अखेर २०२२ साली ते थांबले.

आता तो वळसा. तो सुरू होतो १९४३ साली, मिनिआपोलिस शहरात, जनरल मिल्स या पिठाच्या कंपनीच्या गिरणीत. दुसरे महायुद्ध चालू होते. बी. एफ. स्किनर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी बाँबला लक्ष्याकडे नेण्यासाठी कबुतरे शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पावर तिथे काम करत होते. (प्रकल्प पुढच्याच वर्षी गुंडाळला गेला. सैन्याला कबुतरांवर भरवसा ठेवणे जड गेले असावे!) काम नसलेल्या एका दिवशी त्यांनी ठरवले की कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचे. कबुतराने चेंडूला फटका मारला की दाणे द्यायचे, असे ठरवून ते बसले. कबुतर फटका मारेना. मग त्यांनी युक्ती बदलली. कबुतराने नुसते चेंडूकडे पाहिले तरी दाणा. मग चोच थोडी जवळ आली तर दाणा. मग शिवली तर दाणा. काही मिनिटांतच कबुतर चेंडूला फटके मारू लागले.

स्किनर आधीची दहाबारा वर्षे उंदीर आणि कबुतरांवर काम करत होता, पण यंत्रांच्या साहाय्याने. त्या दिवशी दाणे सोडायचे बटण माणसाच्या हातात होते आणि हवे असलेले वर्तन पायरीपायरीने 'घडवत' नेता येते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. या दिवसाचे महत्त्व त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे.

त्या खोलीत केलर ब्रेलंड हा त्याचा विद्यार्थी होता. त्याने आणि त्याच्या पत्नीने, मॅरियन ब्रेलंडने, पीएच.डी. अर्धवट सोडली आणि प्राणी शिकवण्याचा व्यवसाय काढला. त्यांच्या मनात पहिल्यांदा कुत्रीच होती. पण कुत्री शिकवणाऱ्या जुन्या मंडळींनी त्यांना दारातही उभे केले नाही. शेकडो वर्षे आम्ही कुत्री शिकवतो आहोत, प्रयोगशाळेतली पोरे आम्हाला काय सांगणार? ब्रेलंड दांपत्य मग कोंबड्यांकडे वळले. पशुखाद्याच्या जाहिरातींसाठी त्यांनी पियानो वाजवणाऱ्या आणि नाच करणाऱ्या कोंबड्या तयार केल्या. १९५५ साली आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी त्यांनी अशा प्राण्यांचे प्रदर्शनच उघडले. व्यवसायाच्या काळात शंभराहून अधिक जातींचे प्राणी त्यांनी शिकवले.

कोंबडीला मारून शिकवता येत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ती पळते, नाहीतर थिजून बसते. शिवाय ती इतकी चपळ असते की दाणा हातातून पडेपर्यंत तिच्या दोनतीन हालचाली होऊन जातात आणि बक्षीस नेमके कशासाठी होते ते तिला कळत नाही. इथे ते पत्र्याचे खेळणे कामी आले. आपल्याकडे जत्रेत टिक-टिक वाजणारा पत्र्याचा बेडूक मिळायचा, तसे. आधी 'टिक् म्हणजे दाणा' हे शिकवायचे. हा पावलॉव्ह. मग योग्य हालचालीच्या क्षणी टिक् करायचे, दाणा सावकाश दिला तरी चालतो. हा थॉर्नडाइक. आवाज म्हणजे त्या क्षणाचे जणू छायाचित्रच. स्किनरने १९५१ साली सायंटिफिक अमेरिकन मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर सर्वसामान्यांसाठी लेख लिहिला, त्यात हेच खेळणे सुचवले आणि घरच्या कुत्र्यावर करून पाहा असेही सांगितले. पुढची तीस वर्षे ते फारसे कोणी करून पाहिले नाही.

स्किनरच्या बाबतीत इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये तो आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून गेला. गणिताचा तास होता. काही मुले उदाहरणे केव्हाच सोडवून कंटाळून बसली होती, काही धडपडत होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हते. वह्या तपासून दुसऱ्या दिवशी मिळणार! कबुतराला आपण एका सेकंदात उत्तर देतो आणि मुलांना एक दिवसाने, हे त्याला फार खटकले. यातूनच त्याची 'शिकवणारी यंत्रे' निघाली. ती यंत्रे फार चालली नाहीत आणि मुलाचे शिकणे हे कबुतराच्या टिपण्याएवढे सोपे नसते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी स्किनरला जे दिसले ते साठ मुलांच्या वर्गावर उभ्या राहिलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल.

खुद्द ब्रेलंड यांनाही आपल्या पद्धतीच्या मर्यादा लवकरच दिसल्या आणि १९६१ साली त्यांनी त्या प्रामाणिकपणे छापल्या. रॅकून या प्राण्याला ते नाणे पेटीत टाकायला शिकवत होते. एक नाणे तो टाकी. दोन दिली की टाकायच्या ऐवजी ती एकमेकांवर घासत बसे, पेटीत बुडवून बाहेर काढी, जणू पाण्यात खाद्य धुतो आहे. खाणे मिळायला उशीर होत होता तरी ही हालचाल वाढतच गेली. डुकरांचेही तसेच : नाणे पेटीपर्यंत न नेता ती ते नाकाने उकरत बसत. म्हणजे प्राणी ही कोरी पाटी नव्हे. प्रत्येक जातीला आपापले छंद असतात आणि शिकवणाऱ्याने त्यांच्या विरुद्ध गेले तर बक्षीसही हरते. याची उलट बाजू डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडली होती : प्राण्याला जे करायला मनापासून आवडते ते करण्याची संधी हेच बक्षीस म्हणून वापरता येते. 'आधी भाजी संपव, मग खेळायला जा' म्हणणाऱ्या आज्यांना हा नियम प्रीमॅकच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. कुत्र्याला काय आवडते? धावत्या वस्तूचा पाठलाग, तोंडात धरून खेचणे, हुंगणे. म्हणजेच चेंडू, रस्सीखेच आणि लपवाछपवी. खेळ हा बक्षीस होऊ शकतो याचा शास्त्रीय पाया असा तयार झाला.

पण कुत्र्यांच्या शाळांचे दार उघडायला आणखी एक प्राणी यावा लागला. १९५० च्या दशकात ब्रेलंड यांची पद्धत फ्लोरिडातल्या डॉल्फिनच्या तळ्यापर्यंत पोहोचली होती आणि तिथून इतर मत्स्यालयांत. हवाई बेटांवर सी लाइफ पार्क नावाचे असे केंद्र उभे राहत होते. तिथल्या डॉल्फिनना शिकवायची जबाबदारी १९६३ च्या सुमारास कॅरन प्रायर या तरुण बाईंवर येऊन पडली. त्यांनी पूर्वी घरची कुत्री आणि तट्टे शिकवली होती, तीही जुन्याच रीतीने. आता समोर असा प्राणी होता की ज्याला साखळी नाही, लगाम नाही, आणि रागावलात तर तो सरळ तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. हातात होती ती फक्त शिट्टी आणि माशांची बादली. डॉल्फिन ऐकत नाही याचा अर्थ एकच : आपण नीट सांगितले नाही. साखळी असली की हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागत नाही. चुकीच्या क्षणी, अस्पष्ट, अर्धवट शिकवले तरी हिसका ते झाकून टाकतो. मोस्टला सारे तत्त्व माहीत असूनही जे सुचले नाही ते प्रायर यांना सुचले, याचे कारण मला त्यांच्या दयाळूपणापेक्षा डॉल्फिनच्या मोकळेपणात दिसते.

मालिया नावाच्या डॉल्फिनची कथा शिक्षकांनी जरूर ऐकावी. प्रेक्षकांना शिकवण्याची क्रिया प्रत्यक्ष दिसावी म्हणून प्रायर दर खेळाला मालियाची एखादी नवीन हालचाल निवडून ती पक्की करत. काही दिवसांत सोप्या हालचाली संपल्या. मग त्यांनी नियम केला : पूर्वी बक्षीस न मिळालेली हालचाल केली तरच मासा. मालियाने आधी सगळे जुने खेळ करून पाहिले. शिट्टी वाजली नाही. ती अस्वस्थ झाली, गोल गोल फिरू लागली. आणि मग एके दिवशी तिने कोणी न शिकवलेल्या उड्या, उताणे तरंगत शेपूट हवेत धरणे, मळसूत्रासारखे फिरत पोहणे असे एकापाठोपाठ एक नवे प्रकार दाखवायला सुरुवात केली. 'काहीतरी नवे कर' हेच तिला कळले होते. नोंदी ठेवून हाच प्रयोग होउ नावाच्या दुसऱ्या डॉल्फिनवर करण्यात आला आणि १९६९ साली तो शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. शिक्षेच्या धाकाखाली असलेला प्राणी असे काही करून पाहत नाही. कुठली हालचाल महागात पडेल हे ठाऊक नसेल तर काहीच न करणे हेच त्याला सर्वांत सुरक्षित असते.

१९८४ साली प्रायर यांचे 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक निघाले. नावात कुत्रा असला तरी ते मुले, जोडीदार, शेजारी यांच्याविषयीच जास्त आहे. पण कुत्री पाळणाऱ्यांनी ते उचलून धरले आणि १९९२ नंतर ते टिक्-टिक् खेळणे, आता प्लॅस्टिकचे क्लिकर होऊन, कुत्र्यांच्या वर्गांत दिसू लागले.

याच सुमारास कॅलिफोर्नियात इयन डनबार हे मूळचे ब्रिटिश पशुवैद्य एक वेगळेच काम करत होते. त्याचे महत्त्व मला क्लिकरपेक्षाही जास्त वाटते. जुन्या वर्गांत कुत्रा सहा महिन्यांचा झाल्याशिवाय घेत नसत. का? तर पट्ट्याचा हिसका पिल्लाच्या मानेला सोसत नाही! पण शिकण्याचे खरे वय कोणते? मेन राज्यातल्या बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षे संशोधन करून १९६५ साली दाखवले होते की पिल्लाची जगाशी आणि माणसांशी ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा. त्याच प्रयोगशाळेतल्या, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लांना माणसांपासून दूर, कुंपण घातलेल्या माळावर वाढवले होते. ठरावीक वयाला काहींना आठवडाभर बाहेर काढून माणसांशी खेळवले. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही ती पिल्ले रानटी जनावरासारखी झाली, आणि पुढे प्रयत्न करूनही ती नीट माणसाळली नाहीत. म्हणजे हिसक्याच्या पद्धतीमुळे शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळच वाया जात होता. डनबार यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिल्लांचे वर्ग सुरू केले, तेही साखळी सोडून. खाऊचा तुकडा नाकासमोरून वर नेला की पिल्लू आपोआप बसते, त्याला हात लावावा लागत नाही. मध्येच खेळ थांबवून 'बस' म्हणायचे, बसले की 'जा, खेळ' म्हणून पुन्हा सोडायचे. खेळात खंड न पडता खेळच बक्षीस होतो.

यावर जुन्या मंडळींचा आक्षेप होता की रस्सीखेच खेळलात आणि कुत्रा जिंकला तर तो डोक्यावर बसेल. इंग्लंडमधील निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी हे २००२ साली तपासून पाहिले. चौदा गोल्डन रिट्रीव्हर कुत्री माणसाशी पुन्हापुन्हा रस्सीखेच खेळली, कधी त्यांना जिंकू दिले, कधी हरवले. वर्चस्व गाजवण्यात काहीच फरक पडला नाही. उलट जिंकोत वा हरोत, खेळानंतर ती अधिक लक्ष देऊन ऐकू लागली. ऑस्ट्रियातील नाद्या आफेनझेलर यांच्या २०१७ सालच्या प्रयोगात सोळा लॅब्रेडोर कुत्र्यांना दोन वस्तूंतली योग्य वस्तू निवडायला शिकवले. नंतर निम्मी अर्धा तास खेळली, निम्म्यांनी विश्रांती घेतली. दुसऱ्या दिवशी खेळलेल्या कुत्र्यांना तेच पुन्हा जमायला सुमारे ४० टक्के कमी प्रयत्न लागले. सोळा ही संख्या लहान आहे हे खरे. पण पाठानंतरची मधली सुट्टी वाया जात नाही, असे तरी त्यातून दिसते.

शिक्षेविषयी पुरावा गोळा करणे अधिक अवघड. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३६४ मालकांनी उत्तरे दिली. बक्षिसाने शिकवलेली कुत्री जास्त ऐकत, शिक्षा होणाऱ्या कुत्र्यांत त्रासदायक सवयी जास्त. पण इथे सावध राहायला हवे : त्रासदायक कुत्र्याच्याच वाट्याला शिक्षा जास्त येत असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? पोर्तुगालमधील पोर्तो शहरातल्या सात श्वानशाळांतल्या ९२ कुत्र्यांवरचे संशोधन २०२० साली आले, ते एक पाऊल पुढे गेले. तिथे शिकवणीचे चित्रीकरण केले, लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. धाकाच्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे जास्त होती आणि कॉर्टिसॉलही अधिक वाढले होते. त्याच वेळी क्लिकरचे स्तोमही तपासले गेले. २०१६ च्या एका इटालियन प्रयोगात ५१ कुत्र्यांपैकी काहींना क्लिकर, काहींना ठरावीक शब्द, काहींना नुसता खाऊ दिला. शिकण्यात फरक पडला नाही. जादू प्लॅस्टिकमध्ये नव्हतीच.

आपल्याकडच्या कुत्र्यांपैकी बहुतेक गल्लीतली. त्यांना कोणी शाळेत घालत नाही. पण कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अशाच मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला, काहींना थोपटले. काही भेटींनंतर माणसावर जास्त विश्वास टाकला तो थोपटलेल्या कुत्र्यांनी. (हा प्रयोग मुलांना गल्लीत करू देऊ नये. रेबीजचा धोका मोठा आहे.)

वर्गात करण्याजोगा प्रयोग वेगळा आहे, आणि त्यात कुत्रा लागत नाही. प्रायर यांनी पुस्तकात सांगितलेला हा खेळ 'थंड-गरम' या आपल्या खेळाच्या जवळचा आहे. एका मुलाला बाहेर पाठवा. बाकीच्यांनी एखादी साधी कृती ठरवावी, समजा खिडकीची कडी लावणे. एका मुलीच्या हाती बाटलीचे झाकण किंवा पत्र्याची डबी द्या. बाहेरचा मुलगा आत येऊन हिंडू लागला की त्याचे पाऊल खिडकीकडे पडताच टिक्. चुकीकडे गेला तर काहीही नाही, 'नाही' म्हणायचे नाही, हसायचे नाही. पाचसहा मिनिटांत बहुधा जमते. मग दुसऱ्या मुलाबरोबर हाच खेळ टिक् न करता, फक्त चुकल्यावर 'नाही' म्हणून खेळा. हा मुलगा लवकरच वर्गाच्या मधोमध उभा राहतो आणि हलायचा थांबतो. दोन्ही मुलांना नंतर कसे वाटले ते विचारा आणि शेवटी एक फेरी मुलांना तुमच्यावर करू द्या.